नकार देणारा कागद

दिवाळी उलटून महिना झाला. फोनमध्ये अकरा दिवाळी अंक पडून आहेत, सगळे पीडीएफ, आणि एकही वाचून संपलेला नाही. एका संपादकीयात तर पानांचं बंधन सुटल्याचा आनंद व्यक्त केलाय. ते वाचलं आणि राहवलं नाही.

पानांचं बंधन हेच तर संपादकाचं हत्यार होतं. कागद विकत घ्यावा लागतो, फॉर्म सोळा पानांचा असतो, म्हणून कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक घडवण्याची कला त्या नकारावर वाढली. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन कथा परत करायचे आणि लेखक ती पुन्हा लिहायचे. १९६९मध्ये लेखक राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच 'सत्यकथे'ची होळी केली. जाळावंसं वाटावं एवढं त्या अंकाचं वजन होतं. पीडीएफ कोण जाळेल? ती न उघडताच डिलीट होते.

माझा जीव जडलाय तो कागदाला रचनेचा भाग मानणाऱ्यांवर. आमच्या साताऱ्याशेजारच्या सांगली जिल्ह्यात, नांगरांच्या कारखान्याच्या किर्लोस्करवाडीतून १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच नजरेतून पानावर बसत. आणि अशोक शहाणे! त्यांच्या 'प्रास' प्रकाशनाची पुस्तकं हातात घेऊन बघावीत. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' (२००३) उघडा. ओळ कुठे तुटते, तिच्याभोवती किती कोरं राहतं, पान उलटल्यावर काय समोर येतं, हे सगळं कवितेचंच अंग आहे. तीच कविता फोनवर घ्या, अक्षर मोठं करा. ओळी मोडतात आणि कवितेचा परिच्छेद होतो.

ऑडिओबुक ही वेगळी कला, तिच्याशी भांडण नाही. भिलार २०१७पासून 'पुस्तकांचं गाव' आहे, तेही चांगलं आहे. पण पुस्तकांनी कपाटं भरणं म्हणजे अंक घडवणं नव्हे. जुने अंक स्कॅन होतात हे उपकारच, पण ते स्कॅन करता आले, कारण आधी कागद उरलेला होता.

कागद टिकत नाही, हे मला कोयनानगरात कुणी सांगायला नको. इथल्या पावसात पिना गंजतात, पानं एकमेकांना चिकटतात. तरी ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून काढलेला 'स्त्री'चा एक अंक आमच्याकडे आहे. त्यातल्या एका लेखाच्या समासात आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'हे पटत नाही.' खाली आजीचं अक्षर : 'मला पटतं.'

संपादकहो, हा वाद तुमच्या अंकावर व्हायला हवा असेल, तर चौसष्टच पानं काढा, पण छापा. उरलेल्यांना नाही म्हणा. आणि समास सोडा. आमच्याकडे अजून पेन्सिली आहेत.