नभोवाणीवरील संवाद : प्रश्नकर्त्याची कसोटी

साहित्यिकाचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले, की ते आपोआप मोलाचे ठरते, असा एक समज आहे. तो पारखून पाहण्यास फ्रेंच नभोवाणीवरील १९५०-५१ ची संवादमाला उपयोगी पडते. पॉल लेओतो (१८७२-१९५६) या वृद्ध, एकाकी लेखकाशी रोबेर माले यांनी केलेली ही संभाषणे. माले केवळ स्तुती करीत नाहीत. ते हरकत घेतात, अडवितात, आणि म्हातारा उसळून उठतो. तान्हेपणी सोडून गेलेल्या आईचा विषय निघतो, तेव्हाही ते सहजी माघार घेत नाहीत. लेओतोंचे खदखदून हसणे, संताप, काठीचा आघात हे सारे ऐकावयास मिळते. पुढे या संवादांचे पुस्तक निघाले. परंतु तो आवाज छापील पानावर कसा उतरावा?

आपल्याकडेही लेखकाला नभोवाणी परकी नव्हती. मराठी-कोंकणीचे कवी बा. भ. बोरकर १९५५ पासून पुणे व पणजी केंद्रांवर निर्माते होते. तरी आपला प्रश्नकर्ता बहुधा हात जोडूनच बसतो, असे आम्हांस वाटते. आदर असावाच, पण त्याला प्रतिप्रश्नाचे धैर्य नसेल, तर ध्वनिफितीवर सत्कार तेवढा उरतो, लेखक निसटून जातो.