काचेआडचा निरोप

तादाशी इमाई यांच्या ‘माता आऊ ही मादे’ (‘पुन्हा भेटू त्या दिवसापर्यंत’) या १९५० सालच्या जपानी चित्रपटाची ओळख बहुधा एकाच दृश्यावरून करून दिली जाते. बाहेर हिम पडत आहे. निरोप घेऊन निघालेला साबुरो मागे वळतो, केइको खिडकीशी उभी असते आणि दोघांचे ओठ मधल्या काचेवर टेकतात. दृश्य अप्रतिम आहे यात शंका नाही. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे चित्रपटाचा अर्धाच आशय ग्रहण करणे होय, असे आम्हांस वाटते.

कथेचे स्थळ महायुद्धकालीन टोकियो. हवाई हल्ल्याच्या वेळी आसऱ्यास गेलेल्या गर्दीत विद्यार्थी साबुरो आणि चित्रे काढून उदरनिर्वाह करणारी केइको यांची प्रथम गाठ पडते. १९४३ च्या उत्तरार्धात जपानी शासनाने विद्यापीठीय विद्यार्थ्यांनाही सैन्यात ओढण्यास प्रारंभ केला होता. साबुरोलाही बोलावणे येते. अखेरच्या भेटीसाठी केइको रेल्वे स्थानकावर थांबते, तो घरच्या संकटात अडकतो आणि स्थानकावर बॉम्ब पडतो. पुढे तोही युद्धात मरतो.

मूळ कथा रोमाँ रोलाँ यांची. त्यांच्या ‘पिएर ए ल्यूस’ या लघुकादंबरीतील प्रेमिक १९१८ साली पॅरिसमधील एका चर्चवर तोफगोळा पडला असता एकत्र मरतात. इमाई आणि त्यांच्या पटकथाकारांनी हे सहमरण काढून टाकले. आमच्या मते चित्रपटाचे मर्म या बदलात आहे. सहमरणात काही एक सांत्वन असते. येथे तेही उरत नाही. प्रेक्षक या वियोगाला नियतीचा खेळ म्हणू पाहतो, पण चित्रपट तसे म्हणू देत नाही. सैन्यभरतीचा हुकूम नियती काढीत नाही. तो माणसे काढतात, म्हणून त्याचा जाबही माणसांनाच विचारता येतो.

मात्र एक उणीव नमूद करणे प्राप्त आहे. जपानी तरुणांचे दुःख येथे उत्कटतेने येते. जपानी सैन्याने चीन, कोरिया व आग्नेय आशियात दिलेल्या दुःखाविषयी चित्रपट जवळजवळ मौन पाळतो. साबुरो परतला असता, तर कोणाला मारून परतला असता, हा प्रश्न विचारलाच जात नाही. स्वतः इमाई यांनी १९४३ साली कोरियाच्या सीमेवरील पोलिसांचा गौरव करणारा युद्धप्रचारक चित्रपट दिग्दर्शित केला होता, हे विसरता येत नाही.

तरीही अवघ्या सात वर्षांत त्याच हातांनी हा युद्धविरोधी चित्रपट घडवावा, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही. ‘किनेमा जुम्पो’ या नियतकालिकाने १९५० च्या जपानी चित्रपटांत त्यास प्रथम स्थान दिले. कुरोसावांचा ‘राशोमोन’ त्याच वर्षीचा. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. मात्र काचेवरील चुंबनाइतकेच लक्ष त्या काचेकडेही द्यावे आणि ती मध्ये कोणी उभी केली, हे स्वतःस विचारावे.