सावडीत एलिमिनेशन नसतं

डिसेंबर ते फेब्रुवारी हे आमच्या भोरकडे हातपाय पसरायचे दिवस. भात झोडून घरात आलेलं असतं, पेंढ्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, विहिरींना अजून पाणी असतं आणि गावोगावच्या जत्रांच्या वर्गणीची बोलणी सुरू झालेली असतात. ‘झी मराठी’ने ‘जाऊ बाई गावात’मध्ये शहरातल्या लाडावलेल्या पोरी खेड्यात सोडल्या त्या नेमक्या ह्याच दिवसांत. डिसेंबर २०२३ मध्ये कार्यक्रम सुरू झाला, फेब्रुवारीत विजेती ठरली, सगळे आपापल्या घरी गेले. खेड्यात तग धरण्याची परीक्षा घ्यायची, आणि तीही खेड्याला वर्षातून एकदाच जेव्हा श्वास घ्यायला मिळतो तेव्हा, ही हुशारी ज्याला सुचली त्याला शेतीचं वेळापत्रक एक तर अजिबात ठाऊक नसावं, किंवा फार चांगलं ठाऊक असावं.

हे तेव्हाच लिहायचं होतं. राहिलं. पण २०२५ च्या ऑगस्टात ‘झी टीव्ही’ने हाच मालमसाला ‘छोरियां चली गांव’ म्हणून हिंदीत आणला, मध्य प्रदेशातल्या बमुलियात बिऱ्हाड थाटलं, सूत्रसंचालनाला रणविजय सिंघाला उभा केला, आणि आता हा एक कार्यक्रम राहिला नसून प्रकार झाला आहे, हे मान्य करावं लागलं. हिंदीवाल्यांनी पावसाळा निवडला, एवढं श्रेय त्यांना देऊ. मधल्या काळात ‘चल भावा सिटीत’मध्ये हाच खेळ उलटा खेळून झाला, त्यावर शाई खर्चण्यात अर्थ नाही. ‘बिग बॉस मराठी’चा तर इथे प्रश्नच येत नाही, त्याला गाव लागत नाही, कुंपण पुरतं.

ह्या प्रकाराची रचना सगळ्यांना पाठ आहे. शेण, चूल, धार, विहीर ह्या चार गोष्टींची किळस किंवा भीती, मग थोडं रडणं, मग एखाद्या आजीच्या गळ्यात पडणं, मग टास्क, मग एक जण घरी. ‘जाऊ बाई गावात’मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणादा म्हणजे हार्दिक जोशी मधे उभा राहून गावाच्या वतीने बोलतो, आणि नटच गावाचा मुखत्यार झाला ह्यात कुणाला वावगं वाटत नाही. उत्रोलीत आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र एका भागानंतर मुद्द्याचं विचारलं, “पोरगी नाक मुरडती ते राहू दे, पण त्या म्हशीची मालकीण कुठं गेली?” ह्या प्रकारावर मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा हा प्रश्न सरस आहे. म्हैस अनोळखी हाताला पान्हा चोरते. संध्याकाळची धार बसली नाही तर डेअरीत लिटर कमी भरतो, आणि तो तोटा मुलीच्या गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही. गाव तिथे व्यायामशाळेतल्या डंबेलसारखं पडून असतं. कुणीही यावं, उचलावं, घाम पुसत कॅमेऱ्याकडे बघावं.

परदेशी मूळ प्रकार ह्याहून बरा होता, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेच्या पीबीएसने २००२ मध्ये दाखवलेल्या ‘फ्रंटियर हाऊस’मध्ये तीन कुटुंबं मोंटानाच्या दरीत नेऊन १८८३ सालच्या वसाहतवाल्यांसारखी राबवली. वीज नाही, नळ नाही, दुकान लांब. पाठीशी १८६२ चा तो प्रसिद्ध कायदा, ज्याने १६० एकर जमीन पाच वर्षं कसणाऱ्याला जवळपास फुकट दिली. त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं, हे सोयीने विसरून. पण त्या मालिकेत एक गोष्ट खरी होती. शेवटी कुणी मतं मागितली नाहीत. जाणकार आले, त्यांनी सरपण मोजलं, चारा मोजला, आणि हा हिवाळा तुमच्याच्याने निभला असता का, ते तोंडावर सांगितलं. आमच्याकडे मृगाच्या आधी सरपण, गोवऱ्या, मीठ-मिरची भरून ठेवताना कुठलीही म्हातारी हाच हिशेब करते.

नंतर डिस्कव्हरीवर २०१६ पासून ‘होमस्टेड रेस्क्यू’ आला आणि बिनतयारीचं कुटुंब हीच जिन्नस झाली. शहरातलं घर विकून माळरान घेतलेलं जोडपं, पाण्याचा पत्ता नाही, कोंबड्या कोल्ह्याने नेलेल्या, थंडी दाराशी. मग अलास्काचा मार्टी रेनी पोराला आणि पोरीला घेऊन येतो, काही दिवसांत विहीर, खुराडं, छप्पर उभं करतो आणि निघून जातो. मला हा कार्यक्रम आवडतो, आणि त्याची खोटही तिथेच आहे. रेनीची ही सावड, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाची फेड, एकतर्फी आहे. त्याच्या छपराच्या दिवशी हे कुटुंब जाणार का? जाणार नाही, कारण त्यांचं नातं एका भागापुरतं. चॅनल फोरच्या ‘ईडन’ची गत तर विचारूच नका. २०१६ मध्ये तेवीस माणसं स्कॉटलंडच्या कडेला वर्षभरासाठी नवा समाज उभारायला गेली, निम्म्याहून अधिक वाटेतच सोडून गेली, आणि उरलेले मार्च २०१७ मध्ये बाहेर आले तेव्हा कळलं, की चार भागांनंतर प्रक्षेपणच थांबलं होतं. माणसं वर्षभर कॅमेऱ्यासाठी उपाशी राहिली आणि बघायला कुणी नव्हतं. वाहिनीचा समाज किती दिवस टिकतो, ते ह्यातून दिसलं.

आता मला जे आवडतं त्याकडे येतो, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही.

गेल्या काही वर्षांत मराठीत खेड्याचं जे खरं चित्रण झालं ते वाहिन्यांवर झालं नाही, सिनेमातही क्वचितच. ‘टिंग्या’ला २०२८ मध्ये वीस वर्षं होतील, म्हणजे बघा. वेबमालिकांत ‘गावाकडच्या गोष्टी’ने सुरुवातीला जी मोकळी हवा आणली ती पुढे सवयीची झाली. खरं काम झालं ते यूट्यूबवर, आणि ते करणाऱ्यांनी आपण कला करतो आहोत असा दावा कधी केला नाही. ‘धनगरी जीवन’ ही वाहिनी ज्याने पाहिली नाही त्याने पुढचा परिच्छेद वाचण्याआधी पाहून यावी. मेंढरांमागे फिरणारं एक कुटुंब, आणि त्यांचा रोजचा वाडा. बस्स. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, त्यावर भांडी, घोंगडी, ताडपत्री, कोंबड्या, आणि वर लेकरू. दुपारी कुणाच्या तरी रानात उतरायचं. तीन दगड शोधायचे, चूल मांडायची, संध्याकाळच्या आत वाघर लावून मेंढरं कोंडायची. पाऊस आला तर ताडपत्री ताणायची आणि भाकरी थापत राहायचं.

ह्यात नाट्य नाही असं म्हणणाऱ्याने चूल पेटण्याची वेळ बघावी. ओलं सरपण, फुंकणीचा आवाज, धूर, डोळे पुसणारा हात. टीव्हीच्या वाहिनीवर ही क्रिया काही सेकंदांत उरकून वर विनोदी संगीत टाकलं असतं. इथे ती जेवढा वेळ लागते तेवढा वेळ चालते, म्हणून आपल्यालाही भूक लागते. दुसरी गोष्ट बोलण्याची. कॅमेऱ्यापुढे कुणी आपल्या भावना समजावून सांगत नाही. बोलणं असतं ते कोकराचं, पाण्याचं, उद्या कुठल्या शिवारात बसायचं त्याचं, आणि त्या शिवाराच्या मालकाशी काय ठरलं त्याचं. शेतकऱ्याला मेंढरांच्या लेंडीखताने रान खतवून हवं असतं, धनगराला बसायला जागा आणि थोडं धान्य हवं असतं. शतकानुशतकं चाललेला हा व्यवहार आहे. वीज, नळ, पक्कं घर ह्यांतलं काहीच नसताना हे कुटुंब कसं जगतं, ह्याचं उत्तर त्यांच्या काटकपणात शोधू नका. ते ह्या व्यवहारात आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक गावात त्यांना ओळखणारा कुणीतरी आहे.

यूट्यूबलाही जाहिराती येतात, व्ह्यूजचा मोह येतो, आणि गावरान कोंबडीच्या नावाखाली उघडलेल्या शेकडो वाहिन्या नुसत्या मसाल्याच्या आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्यावर मी वेळ घालवणार नाही.

दुसरं उदाहरण आमच्या उशाचं. २०२२ मध्ये रायरेश्वराच्या पठारावर ट्रॅक्टर चढवला गेला. ज्यांनी रायरेश्वर पाहिलाय त्यांना ह्या वाक्याचं वजन कळेल. वर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जंगम कुटुंबं आहेत, शेती आहे, पण चढायला कड्याला लावलेली लोखंडी शिडी. मग ट्रॅक्टर खोलला. इंजिन वेगळं, चाकं वेगळी, बाकीचे भाग वेगळे. माणसांनी ते खांद्यावर घेतलं, शिडीवरून चढवलं, वर नेऊन परत जोडलं आणि जमीन नांगरली. बातम्यांत त्याची काही मिनिटांची हलती चित्रं आली, मोबाइलवर काढलेली, आवाज फाटलेला. टास्क ह्या शब्दाचा अर्थ ज्याला कळून घ्यायचा असेल त्याने ती पाहावीत. त्यात कुणी जिंकलं नाही. इंजिनाच्या एका बाजूला माणूस कमी पडला असता तर ते खाली गेलं असतं, माणसांसकट.

माझं भांडण इथेच आहे. बिनतयारीच्या कुटुंबाचा तमाशा दाखवणारे सगळे कार्यक्रम एका समजुतीवर उभे आहेत, की आडरानात जगणं ही घरटी कर्तबगारी आहे. ज्याच्यात जिगर आहे तो टिकेल, ज्याच्यात नाही तो जाईल. ही समजूत साफ खोटी आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात एकट्याच्या जिवावर कुठलंच घर कधी टिकलं नाही. लावणीला सावड असते. आज आठ माणसं माझ्या खाचरात, उद्या तीच तुमच्या, परवा तिसऱ्याच्या. पैसा नाही, हिशेब दिवसांचा. तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर तुमचा दिवस बाकी राहतो, आणि तुम्ही तो मळणीला फेडता. चिखलणीला ज्याची बैलजोडी असेल त्याला दोन माणसांचे दिवस मिळतात. सावडीतला सगळ्यात आळशी माणूससुद्धा काढून टाकता येत नाही, कारण त्याचंही खाचर लावायचं असतं. ह्यात एलिमिनेशन बसतच नाही. म्हणून वाहिन्यांना सावड दाखवता येत नाही, आणि सावड वगळली की उरतं ते शेण आणि नाक मुरडणं.

सावड आता पूर्वीसारखी राहिली नाही, हे मलाही दिसतं. पोरं शिरवळला कंपनीत जातात, लावणीला रोजंदारीने माणूस मिळत नाही, पॉवर टिलर भाड्याने आणावा लागतो. पण मग तेच दाखवा ना! चार दिवस पाऊस धरून आहे, रोप तयार आहे, आणि माणूस नाही. ह्याहून मोठा ताण कुठल्या पटकथाकाराला सुचणार आहे?

आणि गंमत बघा, ‘जाऊ बाई गावात’चा मुक्काम होता बावधनला. आमच्याकडून मांढरदेवचा घाट उतरलं की वाई, वाईपासून हाकेवर बावधन. ज्या गावाचं बगाड उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. होळीच्या पौर्णिमेला भैरवनाथाचा कौल लावून बगाड्या ठरतो, रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरहून तो दगडी चाकांचा अजस्र गाडा खिल्लारांच्या जोड्या बदलत बदलत गावाकडे ओढला जातो, आणि त्या दिवशी अख्खं गाव एका कामाला जुंपलेलं असतं. परंपरा म्हणून त्याबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो. पण गाव नावाची गोष्ट एकत्र कशी चालते हे बघायचं तर तो दिवस. कार्यक्रम त्याच्या महिना-दीड महिना आधी गाशा गुंडाळून मोकळा झाला होता.

बिनतयारीच्या माणसांची चेष्टा करावी असं मला मुळीच वाटत नाही. बिनतयारीने गेलेल्यांचा महाराष्ट्राला मोठा वारसा आहे. बाबा आमटे आणि साधनाताई वरोड्याच्या माळावर गेले ते दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन. कुठल्याही वाहिनीने त्यांना पहिल्याच फेरीत नापास केलं असतं. पण त्यांनी सुरुवात विहीर खणण्यापासून केली आणि ती सगळ्यांनी मिळून खणली. दापोलीजवळच्या कुडावळ्यात जाऊन राहिलेले दिलीप कुलकर्णी ‘गतिमान संतुलन’मधून गरजा कमी करण्याबद्दल वर्षानुवर्षं लिहीत राहिले, त्यांचं सगळं पटतं असं नाही, काही ठिकाणी ते फार उपदेशक होतात, पण ते राहिले. राहणं हीच ह्या विषयातली कसोटी आहे, आणि सत्तर दिवसांच्या करारात ती लागत नाही.

ह्या कार्यक्रमांचा परिणाम आमच्या बांधापर्यंत आला आहे, म्हणून एवढा जळफळाट. भोरकडे येणाऱ्या रस्त्यांवर फार्महाऊस प्लॉटच्या पाट्या बघा : स्वतंत्र ७/१२, डोंगराचा देखावा, बोअरची सोय. घेणारा येतो तो टीव्हीवरचं गाव डोक्यात घेऊन. पहिल्यांदा कुंपण घालतो, तेही गुरांच्या वाटेवर. एप्रिलात बोअर आटतो तेव्हा त्याला कळतं, की भाटघर आणि नीरा-देवघर भरलेली दिसत असली तरी ते पाणी खाली कालव्यांना जायचं आहे, आणि धरणाच्या काठच्या वाड्यासुद्धा टँकरची वाट बघतात. धरण उशाला, कोरड घशाला. ज्यांना वीज-पाण्याची जोडणी पिढ्यान्‌पिढ्या मागून मिळाली त्यांच्यापुढे ‘ऑफ-ग्रिड’ जगण्याची हौस मिरवायला थोडी तरी लाज वाटायला हवी. आणि पाणी संपल्यावर तो कुणाच्या दारात जाणार? ज्याच्या गुरांची वाट अडवली त्याच्याच. बहुतेक वेळा हंडा मिळतो, हे आमच्या लोकांचं चांगुलपण म्हणा किंवा वेडेपण.

निर्मात्यांनी पुढचा हंगाम आखला असेलच. माझी मागणी साधी आहे. चार कुटुंबं आणा, हवी तितकी बिनतयारीची आणा. मृगाच्या आठवडाभर आधी या आणि दिवाळीत भात झोडून झाल्याशिवाय जाऊ नका. कुणालाही घरी पाठवू नका. ज्या दिवशी दुसऱ्यांनी तुमच्या खाचरात काम केलं, तो दिवस फेडताना दाखवा. आणि ज्यांच्या म्हशी, बैल आणि रानं वापराल त्यांना दिवसाचा रोज द्या.

वेल्ह्याच्या बाजूला या, रस्ता खराब आहे.