एका ओळीचा रिपोर्ट आणि कोट्यवधी जंतू

आज आपण एका ओळीची चिकित्सा करणार आहोत. टीबीच्या रिपोर्टवर ती ओळ असते: ‘रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स आढळला’ किंवा ‘आढळला नाही’. वसई-विरारहून रोज खचाखच भरलेल्या लोकलने मुंबई गाठणाऱ्यांना या रोगाची ओळख वेगळी करून द्यायला नको. त्या ओळीवर पुढच्या कित्येक महिन्यांचं औषध ठरतं. आमचं म्हणणं एवढंच, की या ओळीत जितकी खात्री दिसते तितकी तिच्यामागच्या मोजणीत नसते, आणि कुठे नसते ते रिपोर्टने सांगायला हवं.

मुळात मोजतो काय? टीबीचा जंतू एकपेशीय. त्याच्या जनुकसंचात सुमारे ४४ लाख अक्षरं आहेत. १९९८ साली ती पहिल्यांदा पूर्ण वाचली गेली. दवाखान्यातलं सीबीनॅट यंत्र यातली किती पाहतं? रेझिस्टन्ससाठी एका जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा, बस. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी साधारण ९५ टक्क्यांमध्ये बदल याच तुकड्यात असतो, म्हणून ही निवड शहाणपणाची आहे. कल्चरला आठवडे लागतात, इथे दोन तासांत उत्तर मिळतं. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण उरलेल्या पाच टक्क्यांचं काय? आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, २००९ च्या सर्वेक्षणातल्या बहुऔषधरोधी जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांत बदल नेमका या तुकड्याच्या बाहेर होता. यंत्र बिघडलेलं नव्हतं. जिथे पाहायचं तिथे त्याने नीट पाहिलं, आणि बदल दुसरीकडे होता. तेव्हा ‘आढळला नाही’चा खरा अर्थ ‘या ८१ अक्षरांत आढळला नाही’ असा आहे.

उलटी चूकही होते. कधी अक्षर बदलतं, पण त्यातून बनणारं प्रथिन तेच राहतं. असा जंतू औषधाने मरतो. जुन्या पद्धतीच्या यंत्राला मात्र फक्त अक्षर बदललेलं दिसतं आणि ते ‘रेझिस्टन्स’ म्हणतं. पूर्वी अशा माणसाला ज्या इंजेक्शनांवर टाकत, त्यांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकत असे.

आता सगळ्यात अवघड भाग. रुग्णाच्या फुफ्फुसात एक जंतू नसतो, कोट्यवधी असतात, आणि ते सगळे सारखे नसतात. औषध सुरू होण्याआधीच साधारण दहा कोटींत एखादा रिफॅम्पिसिनला न जुमानणारा असतो. म्हणून तर एकच औषध कधी देत नाहीत. उपचार अर्धवट सुटले की हाच अल्पसंख्य वाढतो.

मग सगळी ४४ लाख अक्षरं वाचली तर प्रश्न मिटेल? ढोबळ हिशेब करू. वाचनयंत्र हजार अक्षरांत एक चुकतं असं धरा. एकदाच वाचलं तर ४,४०० चुका. म्हणून प्रत्येक जागा ५० वेळा वाचतात आणि बहुमत घेतात. बहुमताने यंत्राची चूक गळते हे खरं. पण शंभरात दोन जंतू औषधाला दाद न देणारे असतील, तर ५० वाचनांत त्यांची खूण सरासरी एकदाच दिसणार. त्याच ५० वाचनांत यंत्राच्या चुकीने एखादं वेगळं अक्षर दिसेल अशा जागा दोन लाखांहून जास्त! खरा अल्पसंख्य जंतू आणि यंत्राची चूक कागदावर अगदी सारखी दिसतात. बहुमत दोघांनाही पुसतं.

गंमत म्हणजे जुनी कल्चरची ‘प्रमाण पद्धत’ इथे जास्त चौकस होती. औषध घातलेल्या माध्यमावर एक टक्का जंतू वाढले तरी ती ‘रेझिस्टन्स’ म्हणायची. नव्या तंत्राने वेग दिला, पण हा एक टक्का नजरेआड केला. आणि कल्चर करून मग वाचलं, तरी बाटलीत जोमाने वाढणारा जंतू फुफ्फुसातल्या मिश्रणाचा खरा प्रतिनिधी असेलच असं नाही.

मुंबईने हा वाद वेगळ्या रूपात पाहिला आहे. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी चार रुग्णांचा टीबी ‘पूर्णतः औषधरोधी’ असल्याचं प्रसिद्ध केलं आणि जानेवारी २०१२ मध्ये मोठा गहजब झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्या शब्दाला मान्यता दिली नाही. दुसऱ्या फळीतल्या कित्येक औषधांच्या चाचण्या पुन्हा केल्या तर तेच उत्तर देतील याची खात्री नाही, हे त्यामागचं कारण. आमच्या मते आक्षेप बरोबर होता आणि धोक्याची घंटाही बरोबर होती. ‘पूर्णतः’ म्हणायला मोजणी पुरेशी नव्हती, पण त्या चार माणसांना औषधं लागू पडत नव्हती, हे शब्द बदलल्याने बदलत नव्हतं. मोजणीतली अनिश्चितता सांगणं वेगळं आणि तिच्या आडोशाला निर्धास्त होणं वेगळं.

म्हणून रिपोर्टकडून आमच्या तीन अपेक्षा आहेत. कुठे पाहिलं ते लिहा. मिश्रण किती प्रमाणापर्यंत पकडता येतं ते लिहा. निकाल आणि रुग्णाची प्रकृती जुळत नसेल तर पुन्हा कोणती तपासणी करायची तेही लिहा. छापायला दोन ओळी जास्त लागतील, इतकंच.

आणि ऐकणाऱ्यांना एक विनंती. हे ऐकून कुणी औषध बंद करू नका. जुने रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. दोन महिने नियमित औषध घेऊनही खोकला, ताप हटत नसेल, तर ‘आढळला नाही’ या ओळीवर थांबू नका. डॉक्टरांना विचारा, ‘कल्चर करायचं का?’

आता प्रश्न घेऊ.