संवादिनीसाठी समकालीन रचना : एक आक्षेप

संवादिनीवर वादन पुष्कळ होते. संवादिनीसाठी रचना होते काय, हा प्रश्न मात्र आपल्या संगीतसमीक्षेत क्वचितच विचारला जातो. पोखर्णीसारख्या नृसिंहक्षेत्रातील भजनी मंडळींना हे वाद्य परके वाटत नाही. गायक आपली पट्टी ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ अशी सांगतो, ती भाषाही पेटीचीच. असे असूनही तिच्याकडे साथीचे वाद्य म्हणूनच पाहिले जाते.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. पेटीवादनात अग्रगण्य असलेल्या या कलावंताने किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ला (१९११) चाली दिल्या. त्या मराठी मनात रुजल्या, परंतु त्या गळ्यासाठी होत्या. वाद्य ज्याच्या बोटांत होते, त्याचीही कीर्तिदायी रचना कंठाकडेच वळली.

पुढे हा वाद सदोषतेभोवती फिरत राहिला. मींड निघत नाही, स्वर ठरीव आहेत, या आक्षेपांच्या पार्श्वभूमीवर १९४० मध्ये नभोवाणीवर पेटीला बंदी आली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. मनोहर चिमोटे यांनी वाद्यात स्वरमंडलाची भर घालून त्याला ‘संवादिनी’ हे नाव रूढ केले, डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. हे प्रयत्न मोलाचेच आहेत. तथापि दुसऱ्या प्रयत्नामागील गृहीत तपासावे लागते : पेटीने गळ्याच्या अधिकाधिक जवळ जावे, हेच तिचे साफल्य मानायचे काय?

वास्तविक जे अंगभूत आहे त्यातूनच रचना घडते. हातपेटीत एक हात भात्यावर गुंततो, पायपेटीत दोन्ही हात मोकळे राहतात. एवढ्या एका भेदातून दोन वेगळ्या रचनापद्धती संभवतात. पायपेटीवर एका हाताने स्वर धरून ठेवावा आणि दुसऱ्याने रागविस्तार करावा. हातपेटीवर भात्याच्या दाबाने एकच स्वर फुलवावा अथवा विरवावा. लांबवर टिकणारा स्वर, एकाच वेळी दाबलेल्या पट्ट्या, सप्तक ओलांडणारी झेप, यांना ख्यालाच्या अनुकरणात फारसे स्थान नाही. आजच्या एकल मैफलींत मात्र विलंबित, द्रुत आणि शेवटी एखादे नाट्यपद असा गायकाचाच क्रम प्रायः आढळतो. वादक कितीही तयारीचा असो, ऐकणाऱ्याच्या मनात शब्द उमटत राहतात, आणि दाद बहुधा त्या शब्दांनाच मिळते.