युधिष्ठिराचा बाप कोण?

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ (१९६७) मधला एक प्रश्न वाचकांच्या मनात घर करून राहिला आहे : युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा तर नव्हे? विदुर पंडूचा धाकटा भाऊ, नियोगात दिराला मान्यता, आणि विदुर हा यमधर्माचाच अवतार. आश्रमवासिक पर्वात तो मरताना योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरतो. तर्क बांधेसूद आहे. माझी हरकत आपण वाचक त्यातून जो निष्कर्ष काढतो त्याला आहे. ‘म्हणजे खरा बाप विदुर’ असे म्हणून आपण पंडूला निकालात काढतो. माझे आजोबा दत्तक गेलेले. त्यांच्या ‘खऱ्या’ घराण्याची चौकशी पाहुणे करीत; आजोबांनी ती कधी केली नाही.

जनुकांचा हिशेब मांडून पाहू. बाप आणि मूल यांच्यात निम्मा वाटा समान असतो. पंडू आणि विदुर दोघे व्यासांचे, पण आया वेगळ्या. त्यांच्यात सरासरी चतुर्थांश. म्हणजे विदुराचा मुलगा पंडूला एक अष्टमांश लागतो. आप्तासाठी केलेला त्याग अशा वाट्याच्या प्रमाणात उत्क्रांतीत टिकू शकतो, हे विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली गणिताने मांडले. आदिपर्वातला पंडू मात्र हा हिशेब करीत नाही. तो कुंतीपुढे पुत्रांचे प्रकार मोजतो, त्यांत दत्तकही येतो. त्याला मुलगा हवा तो आपल्या तोडीच्या किंवा आपल्याहून श्रेष्ठ पुरुषापासून. तो स्वतः नियोगाचा. विचित्रवीर्याशी त्याचे रक्त जुळते ते सत्यवतीकडून, तेही अष्टमांशच. शंतनूचे तर मुळीच नाही. तरी वंश कुरूंचाच.

म्हणून इरावतीबाईंचा प्रश्न वनपर्वातल्या यक्षप्रसंगाशेजारी ठेवून वाचावा. एकच भाऊ जिवंत होणार असतो. भीम आणि अर्जुन युधिष्ठिराचे सहोदर. तो मागतो नकुलाला, ज्याची आईही वेगळी आणि बापही. कुंतीचा एक मुलगा मी आहे, माद्रीचाही एक राहू दे, हे त्याचे कारण. ज्याच्या रक्ताचा आपण शोध घेतो, त्याने स्वतः रक्त मोजले नाही.

संततीच्या इच्छेत दोन इच्छा मिसळलेल्या असतात : आपल्या हाडामांसाचे कोणी असावे, आणि आपल्यामागे आपले म्हणणारे कोणी असावे. पहिली खोटी नाही; अनेकांना ती आतून जाळते. पण कायदाही दोन्हींत घोटाळतो. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा दत्तक मुलाला सर्व बाबतींत पोटच्या मुलाचे स्थान देतो. सरोगसीच्या नियमांत मात्र २०२३ मध्ये दात्याचे बीज वर्ज्य झाले. २०२४ मध्ये वैद्यकीय कारणासाठी सूट मिळाली, तरी जोडप्यापैकी एकाचे बीज हवेच. दोघांनाही ते शक्य नसेल, तर ती वाट बंद.

विदुर बाप असेलही. पण हस्तिनापुरात युधिष्ठिर आला तो पंडूचा मुलगा म्हणून, आणि त्याचा हक्कही त्याच नात्याने उभा राहिला.