रॅपिड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट : मूळ ग्रंथ आणि पाठ्यपुस्तकातील रूप

जेम्स मार्टिन यांचा ‘रॅपिड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ हा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही पद्धती ‘रॅड मॉडेल’ या नावाने परिचित आहे. मात्र ती त्यांच्यापर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने रॉजर प्रेसमन यांच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवरील पाठ्यपुस्तकातून. या दोन मांडणींतील अंतर किरकोळ नाही.

प्रेसमन यांच्या पाचव्या आवृत्तीत (२००१) रॅड म्हणजे रेषीय क्रमिक पद्धतीचे वेगवान रूपांतर ठरते. व्यवसाय, विदा व प्रक्रिया यांचे प्रतिमानीकरण, त्यानंतर उपयोजनाची निर्मिती व चाचणी, ६० ते ९० दिवसांची मुदत आणि समांतर काम करणारे गट असे तिचे स्वरूप दिसते. आकृती सुबक आहे. परीक्षेत काढण्यास सोपीही आहे. परंतु जुनेच टप्पे अधिक माणसे लावून लवकर उरकणे म्हणजे रॅड, असा समज तिच्यामुळे दृढ होतो.

मार्टिन यांचा भर निराळा आहे. त्यांच्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्या टप्प्यात वापरकर्ते आणि विकासक एकत्र बसून आराखडा ठरवतात. आपल्याला नेमके काय हवे, हे वापरकर्त्याला कागदावरील विनिर्देशांपेक्षा पडद्यावरील प्रारूप पाहून अधिक कळते, हे या टप्प्यामागील गृहीतक होय. ड्यू पाँट कंपनीतील अनुभवातून आलेली ‘टाइमबॉक्स’ची कल्पनाही याच विचाराशी सुसंगत आहे. मुदत अढळ राहते, कार्ये कमी होऊ शकतात. काय वगळावे हे ठरविण्यासाठी अर्थातच वापरकर्ता उपस्थित असावा लागतो. मार्टिन यांनी ज्याला पायाचे स्थान दिले, तो ग्राहकाचा सहभाग प्रेसमन यांच्याकडे पद्धतीच्या मर्यादांमध्ये एक अट म्हणून येतो!

अर्थात मार्टिनही निर्दोष नाहीत. आपली पद्धती त्यांनी एकात्मिक ‘केस’ साधनांशी इतकी घट्ट बांधली की साधन म्हणजेच पद्धती, असा अर्थ बाजाराने सहज काढला. १९९१ मध्येच आलेल्या व्हिज्युअल बेसिकने पडद्यावर बटण ओढून ठेवणे सोपे केले. अनेक ठिकाणी व्यवसायाचे नियम थेट त्या बटणामागील संकेतात लिहिले गेले. त्याच्या सहाव्या आवृत्तीच्या विकसन साधनाला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार २००८ मध्ये संपला, तेव्हा असे नियम वेगळे काढणे हेच मोठे काम होऊन बसले. हा वेग रॅडच्या नावावर जमा झाला. त्यामागील सहभागाची शिस्त मात्र मागे पडली.

ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या संघाने विकसित केलेल्या ‘डीएसडीएम’ पद्धतीने विशिष्ट साधनांचे बंधन सोडून मुदत व वापरकर्ता ही दोन सूत्रे जपली. २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्या १७ जणांत या पद्धतीचेही प्रतिनिधित्व होते. प्रेसमन यांच्या सहाव्या आवृत्तीत (२००५) ॲजाइलला स्वतंत्र प्रकरण मिळाले; रॅड मात्र त्याआधीच्या, प्रक्रिया-प्रतिमानांच्या प्रकरणातच राहिले.